मोबाईल डेटावर व्हिडिओ कॉल: रेंज फुल्ल, स्पीड टेस्ट झकास, मग आवाज का फाटतो?

शंकासुर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, आम्ही काही जण मिळून लाइव्ह शिकवणीचं ॲप करतोय. शिकवणारा एक, त्याचा चेहरा आणि आवाज, बाजूला स्लाइड, आणि मधेच कुणी विद्यार्थी हात वर करून बोलू शकतो. वायफायवर सगळं मस्त चालतं पण मोबाईल डेटावर गेलं की रडारड सुरू. तक्रारी साधारण एकाच छापाच्या: रेंजच्या दांड्या फुल्ल, स्पीड टेस्टचा आकडा चांगला, त्याच फोनवर रेकॉर्डेड व्हिडिओ न थांबता चालतो, साधा फोन लावला तर आवाज खणखणीत, आणि आमच्या ॲपमधे मात्र समोरचा रोबोटसारखा बोलतो, मधेच गप्प होतो आणि मग राहिलेलं सगळं भरभर ऐकू येतं. गाडीतून जाताना जास्त, गर्दीच्या वेळी जास्त.

टीममधे दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते नेटवर्कच कमी पडतंय, आपण काय करणार. दुसरी म्हणते "क्यूओएस लावा". आता हे क्यूओएस म्हणजे सर्व्हिसची क्वालिटी राखायची व्यवस्था हे कॉलेजात वाचलंय, पण मोबाईल नेटवर्कवर ते नक्की कोण लावतं, कुठे लावतं, आणि आमच्यासारख्या ॲपला ते मागता येतं का हे कुणी धड सांगत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

फटाकडी

५जी वापरायला सांगा युजरला. विषय संपला.

बिनतारी

@फटाकडी, विषय संपत नाही हो, त्या ५जीवरही हेच रडगाणं ऐकलेलं आहे. रेडिओ ऑप्टिमायझेशनमधे बरीच वर्षं घासलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, दांड्या म्हणजे सिग्नलची ताकद. त्या टॉवरवर त्या क्षणाला किती लोक लटकलेत ते दांड्या सांगत नाहीत. दुसरी, स्पीड टेस्ट म्हणजे काही सेकंदांची सरासरी, आणि तीही बहुतेक वेळा समांतर कनेक्शनं उघडून पाइप पूर्ण भरून काढलेली. तुमच्या कॉलला सरासरीशी काही देणंघेणं नाही, त्याला एवढंच हवं असतं की आत्ता निघालेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, वेळेत पोचावं. आयटीयू या दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची जी.११४ ही शिफारस आहे, तिच्यात एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर संभाषणाला ठीक धरलाय, आणि नेटवर्कचं नियोजन करताना ४०० च्या वर जाऊ नये असं म्हटलंय. या १५० मधे माइकपासून स्पीकरपर्यंत सगळं आलं, कोडेक (आवाज-चित्र दाबणारा आणि उलगडणारा), नेटवर्क, समोरचा बफर म्हणजे तात्पुरता साठा, सगळं.

रेकॉर्डेड व्हिडिओ का चालतो? कारण तो काही सेकंदांचे तुकडे आधीच ओढून ठेवतो. मधे दोन सेकंद नेटवर्क झोपलं तरी साठ्यावर भागतं, आणि फारच ताण आला तर पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा मागवतो. तुमच्या लाइव्ह बोलण्याला साठा करायची सोयच नाही, जे अजून बोललंच नाही ते आधी ओढणार कसं. म्हणून दोन्ही "व्हिडिओ"च असले तरी नेटवर्कच्या दृष्टीने ही दोन वेगळी जनावरं आहेत, आणि ही वाटणी काही आजची नाही. ३जी च्या वेळेलाच ट्रॅफिकचे चार वर्ग केलेले होते: संभाषण, स्ट्रीमिंग, इंटरॅक्टिव्ह म्हणजे ब्राउझिंग वगैरे, आणि बॅकग्राउंड.

आता हवेतलं. एलटीईमधे म्हणजे ४जीत टॉवर दर १ मिलिसेकंदाला ठरवतो की या क्षणी कोणाला किती जागा द्यायची. हा निर्णय घेणाऱ्याला शेड्यूलर म्हणतात. सर्वसाधारण डेटासाठी तो बहुधा प्रपोर्शनल फेअर पद्धतीचा असतो, म्हणजे ज्याचा सिग्नल त्याच्या नेहमीपेक्षा या क्षणी बरा आहे त्याला झुकतं माप, पण कोणी फार उपाशी राहिला तर त्यालाही वाटा. एकूण डेटा जास्त जावा यासाठी ही युक्ती उत्तम आहे. एकेका पॅकेटच्या वेळेसाठी मात्र नाही, कारण तुमचा सिग्नल जरा पडला की तुम्ही थांबा, बरा झाला की एकदम पोतंभर पॅकेटं घ्या. तुमचे युजर म्हणतात ना "मग सगळं भरभर ऐकू येतं", ते हेच.

त्यात परत हवेत पॅकेट खराब झालं की टॉवर आणि फोन आपसात ते पुन्हा पाठवतात, एलटीईच्या एफडीडी प्रकारात (जाण्या-येण्याच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या) एका फेरीला ८ मिलिसेकंद. दोनतीन फेऱ्या झाल्या की पॅकेट सुखरूप पोचतं पण उशिरा. म्हणजे हवेतलं नुकसान वर ॲपला उशीर म्हणून दिसतं, आणि तो उशीर दर पॅकेटला वेगळा. यालाच जिटर.

शंकासुर

धन्यवाद बिनतारी, बरंच डोक्यात गेलं. पण मग साधा फोन खणखणीत कसा? तोही आता डेटावरूनच जातो ना? हवा तीच, टॉवर तोच.

बिनतारी

हवा तीच, पण रांग वेगळी.

एलटीईमधे फोन नेटवर्कला जोडला की त्याला एक डिफॉल्ट बेअरर मिळतो, बेअरर म्हणजे फोनपासून ऑपरेटरच्या गेटवेपर्यंतची एक मार्गिका समजा. इंटरनेटचा सगळा माल या एकाच मार्गिकेतून जातो, तुमचं ॲप, कोणाचं डाउनलोड, फोटोंचा बॅकअप, सगळं. तिचा क्लास साधारणपणे क्यूसीआय ९ असतो (क्यूसीआय म्हणजे सर्व्हिसच्या दर्जाचा क्रमांक): दर सेकंदाला इतकं देईनच अशी हमी नाही, उशिराचं बजेट ३०० मिलिसेकंद. व्होल्टेचा, म्हणजे एलटीईवरून जाणारा साधा फोन कॉल लागतो तेव्हा मात्र नेटवर्क त्या कॉलपुरता एक वेगळा डेडिकेटेड बेअरर उघडतं, क्यूसीआय १. बजेट १०० मिलिसेकंद, शंभरात एखादं पॅकेट गेलं तरी चालेल, आणि ठरलेला रेट मिळायचाच. ऑपरेटरच्या व्हिडिओ कॉलला क्यूसीआय २, तिथे बजेट १५० आणि हजारात एक. कॉल लावण्याउचलण्याचे जे निरोप असतात त्यांना क्यूसीआय ५, प्राधान्यात या सगळ्यांच्या वर, कारण निरोपच अडकला तर कॉल लागणारच नाही.

गंमत बघा, आवाजाला शंभरात एक पॅकेट हरवलेलं चालतं पण उशीर चालत नाही, आणि डाउनलोडच्या क्लासला नुकसान दहा लाखात एक इतकंच चालतं पण उशीर चालतो. क्वालिटी म्हणजे "सगळ्यांना सगळं चांगलं" असं नसून कोणी काय सोडायचं याचा करार आहे. म्हणूनच आवाजाच्या मार्गिकेत वरच्या थरावर हरवलेलं पॅकेट परत मागवायची पद्धतच ठेवत नाहीत, हवेतल्या त्या दोनचार फेऱ्यांत आलं तर आलं, नाहीतर सोडून पुढे. डिफॉल्ट मार्गिकेत मात्र परत परत मागवत बसतात, आणि आधीचं आल्याशिवाय नंतरचं वर सोडत नाहीत.

शिवाय आवाज असतो केवढासा. एएमआर वाइडबँड हा आवाजाचा कोडेक १२.६५ किलोबिटवर दर २० मिलिसेकंदाला जेमतेम ३२ बाइट. त्याच्या डोक्यावर पत्ता, क्रम वगैरे सांगणारी आयपी, यूडीपी, आरटीपी ही हेडरं ४० बाइटची! आयपीव्ही६ असेल तर ६०. घोड्यापेक्षा खोगीर जड. म्हणून व्होल्टेमधे हेडर दाबून दोनतीन बाइटवर आणतात आणि टॉवरला मग प्रत्येक वेळी "जागा दे, जागा दे" न विचारता ठराविक अंतराने ठराविक जागा आरक्षित करून ठेवता येते. इतक्या लहान, इतक्या नियमित मालाला हमी देणं परवडतं. तुमच्या व्हिडिओला अशी हमी द्यायची म्हटली तर सेलच्या (टॉवरच्या हद्दीच्या) कडेला असलेले थोडेच लोक अख्खा टॉवर खाऊन टाकतील, कारण कमकुवत सिग्नलवर तेवढ्याच बिटांना कितीतरी जास्त जागा लागते.

निवांत

रोचक चर्चा, वाखुसा (वाचनखूण साठवली). एक प्रश्न, हमी असलेल्यांची संख्या वाढली तर काय? कुठेतरी नाही म्हणावं लागणारच ना?

बिनतारी

@निवांत, बरोबर नस पकडलीत. त्याला ॲडमिशन कंट्रोल म्हणतात, आणि माझ्या मते क्यूओएसचा खरा गाभा तोच आहे. हमी द्यायची तर कोणाला तरी दारातच नाही म्हणायची तयारी हवी. प्रत्येक बेअररला एआरपी नावाचा क्रम असतो, १ ते १५, त्यात १ सगळ्यात वरचा, आणि सोबत दोन खुणा: हा दुसऱ्याला हुसकावू शकतो का, आणि याला हुसकावता येतं का. आपत्कालीन कॉल आला तर जागा कशी करायची ते यावरून ठरतं.

आणि थोडी जागा शेजारच्या सेलमधून येणाऱ्या चालू कॉलसाठी राखून ठेवतात. नवा कॉल लागला नाही तर माणूस वैतागतो, पण बोलता बोलता तुटला तर भडकतो. हे राखीव किती ठेवायचं यावर ढिगाने पेपर लिहिले गेलेत, कमी ठेवलं तर कॉल तुटतात, जास्त ठेवलं तर मोकळी जागा असून नवे कॉल नाकारले जातात.

उंटावरचा_इंजिनिअर

एवढं सगळं कशाला, पॅकेटवर डीएससीपी ४६ मारा. ईएफ, म्हणजे लवकर पोचवायचा क्लास. राउटर ते बघून पुढे काढतात. दोन ओळींचा कोड आहे.

कोडकिडा

@उंटावरचा_इंजिनिअर, मारा की, मारू नका कोण म्हणतंय, पण त्यावर विसंबू नका. डीएससीपी ही पॅकेटच्या कपाळावर लावलेली चिठ्ठी आहे, ती वाचायची की फाडायची हे ज्याच्या हद्दीतून पॅकेट जातंय तो ठरवतो. एका कंपनीच्या आतल्या नेटवर्कमधे ती छान चालते. इंटरनेटवर एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत जाताना ती बऱ्याचदा पुसली जाते, आणि का पुसू नये, नाहीतर प्रत्येक डाउनलोडवाला ४६ मारत सुटेल. मोबाईलमधे तर तुमचं पॅकेट त्या डिफॉल्ट बेअररमधेच जाणार, चिठ्ठी काहीही असो. कुठलं ट्रॅफिक कुठल्या बेअररमधे घालायचं त्याचे फिल्टर ऑपरेटरच्या पॉलिसीतून येतात, तुमच्या ॲपमधून नाही.

शंकासुर, आता तुमच्या मूळ दुखण्याकडे. मी व्हिडिओ कॉलिंगचंच काम करतो, आणि अंदाज सांगू का? तुमचे निम्मे प्रॉब्लेम नेटवर्क "कमी पडल्यामुळे" नसून तुम्हीच रांग फुगवल्यामुळे आहेत.

मोबाईल नेटवर्क पॅकेट सहसा फेकून देत नाही, साठवून ठेवतं. प्रत्येक युजरसाठी टॉवरवर चांगला मोठा बफर असतो, फोनच्या मोडेममधेही असतो. हेतू चांगला आहे, सिग्नल पडला तर माल वाया जाऊ नये. पण तुम्ही पाठवताय १.५ मेगाबिट आणि त्या क्षणी हवेतून जातंय १ मेगाबिट, तर दर सेकंदाला अर्धा मेगाबिट रांगेत साचतं. दोन सेकंदांत रांगेत एक मेगाबिट, म्हणजे आता निघालेलं प्रत्येक पॅकेट एक सेकंद उशिरा पोचणार. एकही पॅकेट हरवलं नाही, लॉसचा (हरवलेल्या पॅकेटांचा) ग्राफ सपाट शून्य, आणि कॉलची वाट लागलेली. याला बफरब्लोट म्हणतात, २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी हे नाव रूढ केलं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुमचा आवाज त्याच रांगेत तुमच्याच व्हिडिओच्या मागे उभा असतो. नेटवर्कला त्यातला आवाज कुठला आणि चेहरा कुठला कळत नाही, कळलं तरी फरक करत नाही. म्हणून पॅकेट फोनमधून बाहेर पडायच्या आधी तुम्ही क्रम लावायचा. ऑडिओ नेहमी आधी, व्हिडिओ नंतर, स्लाइड सगळ्यात शेवटी.

लॉस बघून बिटरेट कमी करणारा कंट्रोलर असेल तर तो इथे आंधळा आहे. उशीर वाढायला लागला, म्हणजे पॅकेटांमधलं अंतर पाठवताना होतं त्यापेक्षा पोचताना जास्त व्हायला लागलं, की लगेच हात आखडता घ्यायचा. वेबआरटीसी (ब्राउझर-ॲपमधून थेट कॉल करायची व्यवस्था) यातला गूगलचा कंजेशन कंट्रोल, म्हणजे गर्दी बघून रेट ठरवणारा भाग, याच तत्त्वावर आहे. तुम्ही काय वापरताय?

शंकासुर

वेबआरटीसीच, पण क्लायंटला चित्र खुसखुशीत हवं म्हणून किमान बिटरेट जबरदस्तीने वर बांधून ठेवलाय. आणि की-फ्रेम दर सेकंदाला, कारण मधेच येणाऱ्याला चित्र पटकन दिसावं.

कोडकिडा

अरारारा. सापडला बघा चोर.

किमान बिटरेट बांधणं म्हणजे हवेला हुकूम सोडणं, ती ऐकत नाही. तळ काढून टाका, वरची मर्यादा बांधा. शिकवणाऱ्याचा चेहरा ३६० पी वर आला तर कोणी मरत नाही, आवाज गेला तर तास गेला.

की-फ्रेमचं तर अजून वाईट. की-फ्रेम म्हणजे पूर्ण चित्र, ते मधल्या फ्रेमांच्या कितीतरी पट मोठं असतं. दर सेकंदाला असा गठ्ठा एकदम लोटला की रांग त्या क्षणी फुगणारच, सरासरी बिटरेट कितीही गुणी दिसू दे. शिवाय एक दुष्टचक्र आहे: पॅकेट हरवलं, समोरच्याने "चित्र बिघडलं, पूर्ण पाठवा" म्हणून की-फ्रेम मागितली, ती मोठी म्हणून रांग फुगली, त्यात अजून काही गेलं, परत मागणी. वर्गात बरेच जण असतील तर प्रत्येकाची मागणी शिकवणाऱ्याच्या बिचाऱ्या फोनवर येऊन आदळते. मधल्या सर्व्हरवर या मागण्या एकत्र करा, ठराविक काळात एकच पुढे जाऊ द्या. की-फ्रेम कोणी नवा आला किंवा खरंच गरज पडली तरच. आणि पेसिंग चालू आहे ना ते तपासा, म्हणजे एका फ्रेमची पॅकेटं एका दमात न सोडता थोडी थोडी सोडायची.

ऑडिओला ओपस हा कोडेक असेलच. त्यात आधीच्या फ्रेमची हलकी प्रत पुढच्या पॅकेटात कोंबायची सोय आहे, ती चालू करा, एखादं पॅकेट गेलं तर पुढच्यातून भागतं. सलग गेली तर मात्र तिचा उपयोग नाही. हरवलेलं पॅकेट परत मागवायचं असेल तर आधी हिशोब करा, जाऊन येऊन लागणारा वेळ समोरच्या बफरमधे शिल्लक वेळेपेक्षा जास्त असेल तर ते येऊन करणार काय, नुसती गर्दी.

हवेतला_कारभार

वायफायचा मुद्दा राहिलाय म्हणून लिहितो, कारण "वायफायवर मस्त चालतं" हे फार मोघम विधान आहे. रिकाम्या वायफायवर सगळंच मस्त चालतं.

मोबाईलमधे टॉवर मालक असतो, तो सांगेल तेव्हा फोनने बोलायचं. वायफायमधे जो तो ऐकतो, हवा मोकळी दिसली की थोडं थांबतो आणि बोलतो. ८०२.११ई हे २००५ चं मानक, त्यातून चार वर्ग आले: व्हॉइस, व्हिडिओ, साधा, बॅकग्राउंड. बाजारात डब्ल्यूएमएम म्हणून ओळखतात ते हेच. वर्गावर ठरतं की किती थांबायचं. साधा वर्ग सुरुवातीला ० ते १५ मधला आकडा काढून तेवढे स्लॉट थांबतो, व्हॉइस फक्त ० ते ३. म्हणजे व्हॉइसला पटकन संधी. इथे उंटावरच्या शहाण्यांचं डीएससीपी खरंच कामाला येतं, कारण फोन आणि राउटर त्यावरून वर्ग ठरवू शकतात. पण उपकरणागणिक हे मॅपिंग बदलतं, ४६ मारून पॅकेट व्हॉइसऐवजी व्हिडिओच्या वर्गात गेल्याचे प्रकार आहेत.

आणि ही हमी नाही, नुसता झुकाव आहे. सगळ्यांनीच व्हॉइस वर्ग लावला तर सगळे ० ते ३ मधेच आकडे काढणार, दोघांचा एकच आकडा यायची शक्यता वाढते, टक्कर होते, दोघांचंही पॅकेट वाया. रस्त्यावर सगळ्यांनीच अँब्युलन्सचा भोंगा लावला तर जे होईल ते. म्हणून व्हिडिओ आणि स्लाइड व्हॉइसमधे घुसडू नका प्लीज.

अजून एक, लांब कोपऱ्यात बसलेला एक संथ फोन सगळ्यांचं वाटोळं करतो. पाळी सगळ्यांना सारखी मिळते पण तो त्याच्या पाळीत तेवढंच पॅकेट पाठवायला कितीतरी जास्त वेळ हवा अडवून बसतो. पाळीऐवजी वेळ सारखा वाटणारे राउटर असतील तर फरक पडतो.

उंटावरचा_इंजिनिअर

शहाणे नाही, इंजिनिअर. बाकी वायफायवर चालतं एवढं तरी कबूल केलंत, आनंद आहे. :)

तिरकस

पण मुळात ही विषमता बरोबर आहे का? ऑपरेटरच्या स्वतःच्या कॉलला राजमार्ग आणि बाकी ॲपना धर्मशाळा. ५जी स्लायसिंग (एकाच नेटवर्कचे वेगळे राखीव वाटे) आलं की पैसेवाल्या ॲपना वेगळी स्लाइस, छोट्यांनी बसावं बोंबलत.

बिनतारी

@तिरकस, शंका रास्त आहे, नेट न्यूट्रॅलिटीचा (सगळ्या ट्रॅफिकला सारखी वागणूक द्यायची का) वाद त्यावरच आहे आणि बऱ्याच ठिकाणचे नियम सरसकट इंटरनेट आणि खास सेवा असा फरक करतात. मला स्वतःला वाटतं की आवाजापुरती राखीव जागा हे ठीकच आहे, माल इतका छोटा आहे की कोणाच्या ताटातलं फारसं जात नाही. मोठ्या व्हिडिओ सेवांना पैसे घेऊन पुढे काढायला लागले तर मात्र तुमच्याशी सहमत.

तांत्रिकदृष्ट्या ५जी मधे बेअररऐवजी क्यूओएस फ्लो आले, प्रत्येक पॅकेटवर फ्लोचा नंबर, ६ बिटांचा, आणि एसडीएपी नावाचा नवा थर हे फ्लो रेडिओच्या मार्गिकांवर बसवतो. एकाच कनेक्शनमधे वेगवेगळे फ्लो हलकेच करता येतात. पण कोणाला कुठला फ्लो हे अजूनही ऑपरेटरच्या पॉलिसीतच ठरतं. आणि ओळखायचं कसं? पूर्वी पॅकेट उघडून बघायचे. आता बहुतेक सगळं एन्क्रिप्टेड, २०२१ ला क्विक या नव्या ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉलचं मानक आलं त्यात तर ट्रान्सपोर्टची हेडरंसुद्धा जवळजवळ सगळी झाकलेली. नेटवर्क आंधळं झालं म्हणून ऑपरेटर कुरकुरतात, मी म्हणतो ठीक झालं. प्रायव्हसी महत्त्वाची.

कोडकिडा

+१. आणि म्हणूनच मला एल४एस या रांग छोटी ठेवायच्या पद्धतीत जास्त जीव वाटतो, तिच्या आरएफसी म्हणजे मानकं २०२३ साली आली. कोण महत्त्वाचा हे ओळखायची गरजच नाही. रांग जराशी वाढली की नेटवर्क पॅकेट न फेकता त्यावर खूण करतं, पाठवणारा ती बघून लगेच थोडा मागे सरतो, रांग सगळ्यांसाठीच छोटी राहते. अट एवढीच की दोन्ही टोकांनी आणि मधल्या अडणाऱ्या जागेने, म्हणजे आपल्या बाबतीत टॉवरने, हे पाळलं पाहिजे. सगळीकडे यायला वेळ आहे, आज त्यावर ॲप बांधू नका.

शंकासुर

तळ काढला, की-फ्रेम मागणीवर केली, ऑडिओ आधी सोडतोय. चाचणीत खूपच फरक आहे, विशेषतः गर्दीच्या वेळी. रोबोट जवळजवळ गेला. पण गाडीतला त्रास पूर्ण गेला नाही, अधूनमधून आवाज थांबतोच.

बिनतारी

गाडीत दोन वेगळ्या गोष्टी होतात, त्या आधी वेगळ्या करा.

एक, एका सेलमधून दुसऱ्यात उडी. एलटीईमधे आधी जुना दुवा तुटतो मग नवा जुळतो. सगळं सुरळीत असेल तर खंड काही दहा मिलिसेकंदांचा, आणि जुन्या टॉवरवर उरलेली पॅकेटं नव्याकडे पाठवली जातात. आयपी पत्ता बदलत नाही. ॲपला हे फक्त एक उचकी म्हणून दिसतं, समोरचा जिटर बफर आपोआप वाढणारा असेल तर तो गिळतो. तुम्ही बफर फिक्स ठेवला असेल तर सोडा तो नाद. पण उडी हुकली, म्हणजे जुना सिग्नल नव्याशी बोलणं व्हायच्या आत मेला, तर फोनला पुन्हा नव्याने जुळावं लागतं आणि तेव्हा खंड सेकंदाच्या घरात जातो. त्यावर ॲपच्या हातात काही नाही, फक्त परत आल्यावर साचलेलं जुनं ऐकवत बसू नका, टाकून द्या आणि आत्ताचं ऐकवा.

दोन, वायफाय सुटून मोबाईल डेटावर जाणं किंवा उलट. इथे पत्ताच बदलतो. कनेक्शन नव्याने जुळवावं लागतं, आणि तुमचं ॲप जर आधीचं मेल्याची खात्री होईपर्यंत वाट बघत असेल तर तो सगळा वेळ शांतता.

कोडकिडा

दुसऱ्यासाठी: नेटवर्क बदलल्याची सूचना फोनची ऑपरेटिंग सिस्टीम देते, ती आली की टाइमआउटची वाट न बघता लगेच आयसीई रीस्टार्ट करा, म्हणजे जोडणीचा रस्ता नव्याने शोधा. आणि काही नेटवर्कवर यूडीपी अडवतात तेव्हा ॲप गुपचूप टीसीपीवरून जातं, मग एक पॅकेट हरवलं की मागची सगळी तिष्ठत. लॉगमधे बघा किती कॉल तसे जातायत.

गप्पिष्ट

वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. एक बावळट प्रश्न: बाकीच्यांचे आवाज नीट आणि शिकवणाऱ्याचाच आवाज फाटका असं का होत असेल? आमच्या ऑनलाइन वर्गात कायम असंच होतं.

बिनतारी

@गप्पिष्ट ताई, बावळट अजिबात नाही, हे खूप जण विसरतात. खाली येणाऱ्या दिशेला टॉवर बोलतो, त्याच्याकडे दणकट पॉवर आणि सगळ्यांच्या रांगा त्याच्यासमोर. वर जाणाऱ्या दिशेला फोन बोलतो, बॅटरीवर चालणारा. त्याला पाठवायचं असेल तर आधी टॉवरकडे जागा मागायची, मंजुरी यायची, मग पाठवायचं. सेलच्या कडेला फोनची पॉवर कमाल मर्यादेला टेकलेली असते आणि वरची दिशा आधी मरते, दांड्या तर खालच्या दिशेच्या दिसत असतात. म्हणजे शिकवणारा दोन दांड्यांवर असेल तर त्याला सगळे नीट ऐकू येतील आणि तो कोणालाच नाही.

त्यात फोन मागे गुपचूप फोटो क्लाउडवर चढवत असेल तर संपलंच, तेही त्याच रांगेत.

शंकासुर

आयला, आमच्या टेस्ट सगळ्या ऐकणाऱ्याच्या बाजूनेच झाल्यात. मोजायचं काय आणि कसं मग?

कोडकिडा

सरासरी फेकून द्या. प्रत्येक कॉलसाठी पाठवणाऱ्याच्या बाजूचा जाऊन-येऊन वेळ घ्या आणि त्याचा ९५ वा पर्सेंटाइल बघा, म्हणजे शंभरातल्या ९५ मोजण्या ज्याच्या आत येतात तो आकडा. ऑडिओत किती मिलिसेकंद गाळलेल्या जागा भरून काढाव्या लागल्या तो आकडा वेबआरटीसीच्या आकडेवारीत मिळतो, माझ्या मते सगळ्यात बोलका तोच. व्हिडिओ किती वेळा गोठला आणि एकूण किती वेळ. उपलब्ध बँडविड्थचा अंदाज आणि प्रत्यक्ष पाठवलेला रेट शेजारी शेजारी काढा, पाठवलेला वर गेला की पाठोपाठ वेळ चढताना दिसेल. आणि टेस्ट करताना शिकवणाऱ्याच्या फोनवर मुद्दाम एक मोठी फाइल अपलोडला लावा. रिकाम्या रांगेत सगळेच कोडेक हुशार असतात.

उंटावरचा_इंजिनिअर

आणि डीएससीपी?

कोडकिडा

मारा हो मारा. फक्त ऑडिओवर.